तराजूवाल्या बाईंच्या ओळखी

बाईंचा बायोडेटा एकोणीस वर्षांपूर्वीचा होता. फोटोत दोन वेण्या, नंबर घरच्या जुन्या फोनचा, आणि छंदाच्या रकान्यात ‘पत्रमैत्री’.

“पत्रमैत्री!” नणंद पोट धरधरून हसली. “वहिनी, हा कागद पाठवलात तर उत्तर टपालानंच येईल, पुढच्या वर्षी.”

नणंद कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या ऑफिसात कामाला होती. रविवार असूनही ती सकाळीच लॅपटॉप घेऊन आली होती, कारण प्रकरण गळ्याशी आलं होतं. प्रयोगशाळांमधले आणि कारखान्यांमधले नाजूक तराजू तपासायचे, त्यात किती चूक आहे ते दाखल्यावर लिहून द्यायचं, हे बाईंचं काम. त्यांची संस्था महिनाअखेर बंद होणार होती. दिरांनी आपल्या फर्निचरच्या दुकानात खुर्ची देऊ केली होती, तीही अगदी प्रेमानं. गिऱ्हाइकांना सोफ्यांची माहिती सांगायची. बाईंचं सोफ्यांशी काही वाकडं नव्हतं. पण मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शासाठी श्वास रोखून बसताना त्यांचा जीव जसा रमे, तसा तो दुसरीकडे कुठे रमणार नव्हता. त्या हे कोणाला बोलल्या नव्हत्या. नणंदेनं ओळखलं होतं.

“लिहा, ‘अत्यंत कुशल’,” नणंद म्हणाली.

“अत्यंत म्हणजे किती?”

“म्हणजे... खूप.”

“मोजता येत नसेल तर काढून टाक.”

तासाभराच्या घासाघिशीनंतर कागदावर उरलं ते असं: तपासलेले तराजू पाच हजार सहाशे बारा. चुकीचे दाखले तीन, तिन्ही स्वतःहून परत मागवले.

“स्वतःच्या चुका कोण लिहितं, वहिनी?”

“आम्ही रोज लिहितो.”

नणंदेनं कपाळाला हात लावला. “बरं, राहू दे. आता ओळखी काढा.”

“माझ्या कसल्या गं ओळखी? मी कोणाशी बोलते तरी का?”

पण बाईंच्या वहीत दोनशे नंबर निघाले. नावाऐवजी प्रत्येकापुढे तराजूची तक्रार लिहिलेली. ‘रंगाचा कारखाना, काचेचं दार घासतं.’ ‘दूध तपासणी, शेजारी फ्रीज हादरतो.’ नणंद हरखून गेली. “अहो, ही तर खाण आहे! लावा फोन. काम हवंय म्हणून सांगायचं, बस्स.”

बाईंनी रंगाच्या कारखान्यातल्या केमिस्टला फोन लावला. “दार घासतंय का अजून?” इथून सुरुवात झाली ती वीस मिनिटांनी “मग त्याला तेल घालू नका हं,” इथं संपली.

“आणि नोकरीचं?”

“अगं बाई! राहिलंच की.”

दूध तपासणीतल्या मॅडमशी फ्रीजवरून तसंच झालं. तिसरा फोन औषधांच्या कारखान्यातल्या साहेबांना; तिथं रविवारीही काम चाले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. या वेळी नणंदेनं मोठ्या अक्षरांत ‘नोकरी’ लिहून कागद बाईंच्या नाकासमोर धरला. बाईंनी तो घेतला, उलटा केला आणि मास्तर सांगत होते ते आकडे मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेतले.

“आकडा सकाळी बरोबर असतो आणि दुपारी डगमगतो? ऊन कुठून येतं? टेबल खिडकीपासून लांब न्या, तासभर थांबा आणि मग बघा.” फोन ठेवला.

“वहिनी,” नणंद हताश होऊन म्हणाली, “तुम्हाला नोकरी लावणं म्हणजे मांजराला पोहायला शिकवणं आहे.”

दुपारी मास्तरांचाच फोन आला. “बाई, टेबल हलवलं. आकडा शहाण्यासारखा गप्प बसलाय. पण सकाळी तुम्ही फोन कशासाठी केला होता?”

नणंदेनं हात जोडले.

“मला काम हवंय. आमची संस्था बंद होतेय.”

“मग सकाळी का नाही बोललात?”

“तुमचा आकडा डगमगत होता ना.”

मास्तर इतके हसले की नणंदेला पलीकडून ऐकू आलं. “आमच्या नव्या इमारतीत चौदा तराजू आलेत. त्यांच्यासाठी आमचं कायमचं माणूस हवंय. बुधवारी या. पण ओळखीवर घेत नाही हं आम्ही. परीक्षा आहे.”

बुधवारी बाईंसमोर एक तराजू ठेवला गेला. टेबलापलीकडे मास्तर आणि आणखी दोघं. “यातला दोष शोधा. वेळ अर्धा तास.”

बाईंनी तराजू समतल आहे का ते पाहिलं. चिमट्यानं वजनं उचलून ठेवली, पारड्याच्या मध्यभागी, मग चारही कडांना. दहा वेळा मोजलं. आकडा हलेना. दोष शोधा म्हणालेत, म्हणजे तो असणारच. नाही सापडला तर उद्यापासून सोफे. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सगळं केलं. मग चिमटा खाली ठेवला.

“यात दोष नाही.”

“नक्की?” मास्तरांच्या शेजारच्यानं भुवया उंचावल्या. “तुमच्याआधी चौघांना सापडला.”

“अर्ध्या तासात जेवढं तपासता येतं तेवढं तपासलंय. अजून वेळ दिलात तर अजून तपासेन. पण नसलेला दोष मी लिहून देणार नाही.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांना हसू आवरेना. “चौघांपैकी एकाला तर तीन दोष सापडले होते. नवाकोरा आहे हो तो, आम्ही स्वतः दोनदा तपासलाय. एक तारखेपासून या.”

“बाकीचे तेरा कुठे आहेत?” बाईंनी विचारलं.

“अहो, एक तारखेपासून!”

“नुसते बघते.”

मास्तरांनी आतली खोली उघडून दिली. निवांत, थंड खोली, जाड दगडी टेबलं, आणि त्यावर ओळीनं तेरा तराजू, काही तर अजून खोक्यातच. बाई एकेकापुढे थांबत चालल्या. पर्समधला फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. सहाव्यांदा त्यांनी उचलला.

“वहिनी! काय झालं? बोला ना!”

“थांब,” बाई कुजबुजल्या, “इथं मोठ्यानं बोलायचं नसतं.”

त्या बाहेर आल्या, खोलीचं दार नीट लावून घेतलं, कडी बसल्याची खात्री केली, आणि मग कारखान्याच्या त्या लांबलचक व्हरांड्यात, दोन शिपाई दचकून वळून बघतील एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, “मिळाली गं!”