वीस मिनिटांचं टोकन

ते २००८ साल. मे महिन्यात बदलीचे अर्ज पहिल्यांदाच वेबसाइटवर भरायचे होते. मुदत शेवटच्या दिवशी पाचपर्यंत. मी नर्स, नेमणूक कळमनुरीकडे. आणि आमचे मालक संपतराव अर्धांगवायूने पुसेगावला घरी अंथरुणावर. ही संधी हुकली तर पुढचं वर्ष. तेवढं त्यांच्यापाशी होतं की नाही, हे नर्सला कुणी सांगावं लागत नाही.

सेनगावात किसनरावांच्या दुकानात एकच कम्प्युटर होता. त्यांची मुलगी मोहिनी तो चालवायची. औरंगाबादचं कम्प्युटरचं शिक्षण आई गेल्यावर तिने अर्ध्यातच सोडलं होतं. पासवर्ड टाकला की साइट पुन्हा पासवर्डच मागायची. सहा वेळा झालं. भिंतीवरच्या घड्याळात चार बावन्न.

"ऱ्हाऊ दे माय," मी उठले.

"बसा हो सिस्टर! पळून चालल्या का?" तिने कम्प्युटरवर एक काळा पडदा उघडला, इंग्रजीत हुकूम टाइप केले. अक्षरांची लांबलचक माळ उमटली. "साइट आपल्याला हे टोकन देते, तुमच्या केसपेपरवानी. ते दाखवलं की आत घेते. उलगडून बघते."

माळेतून ओळी निघाल्या. माझं नाव बरोबर होतं. मोहिनी पुढचं वाचताना थांबली.

"दिलं चार बावीसला. संपणार चार बेचाळीसला. अन् आपला कम्प्युटर म्हणून राहिला चार बावन्न! आल्या आल्या टोकन मेलेलं समजून फेकून देतो हा. बाबा, घड्याळाला हात लावला का?"

"सकाळीच अर्धा तास पुढं केलं," किसनराव म्हणाले. "भिंतीवरचं हायेच की पुढं. लोकायची येष्टी चुकू नये म्हून."

"कम्प्युटरला कोणती येष्टी धरायची होती?"

तिने वेळ मागे घेतली. माझ्या पदरात अर्धा तास पडला. अर्ज गेला.

"शिकली असती तर कुठं असती गं," मी म्हणाले.

"तिथंच असती," ती त्या काळ्या पडद्याकडे बोट करत म्हणाली, आणि तो बंद केला.

किसनराव दोन वर्षांनी गेले. दुकानात आता खतं विकतात. मोहिनी कनेरगाव नाक्याला सासरी आहे, धाब्यावर भाकरी थापते. औरंगाबादची वह्यांची पेटी तिने सोबत नेली, असं ऐकलं. मला पुसेगाव मिळालं. संपतराव अकरा महिने होते. जीभ जड झालेली, तरी मी ड्यूटीवरून आले की विचारायचे, "आलीस?"

अजून बाहेरून आले, की दारात चपला काढून मी क्षणभर उभी राहते.