भावोजींचा टीव्ही

धाकटी थोरल्या बहिणीच्या घरी राहायला आली ती दोन बॅगा आणि एक खोकं घेऊन. भावोजींनी बॅगांना हात लावला नाही. खोकं मात्र उचललं आणि कानाशी धरून हलवून पाहिलं.

"हलवू नका भावोजी, गेमचं मशीन आहे."

"कुणासाठी आणलंस? आमच्याकडे खेळणारं कोण आहे?"

"माझं आहे. मी खेळते."

भावोजींनी बायकोकडे पाहिलं. "पस्तिशी उलटली ना गं हिची?"

ताई हसली. नवऱ्याचं बोलणं अंगावर येऊ नये म्हणून ती आधीच हसून घ्यायची, ही तिची जुनी सवय. धाकटीला हसू आलं नाही.

धाकटी चष्म्याच्या काचा घासायची. गावातलं दुकान मालकाने बंद केलं आणि ती घरी बसली, तेव्हा ताईनेच फोन केला होता, "इकडे ये, खोली मिळेपर्यंत आमच्याकडे राहा." नवऱ्याला विचारून केला होता की नाही कोण जाणे. आल्या दिवसापासून भावोजी तिला 'मेहुणीबाई' म्हणू लागले, आणि ते म्हणताना प्रत्येक वेळी दातात काही अडकल्यासारखं तोंड करू लागले. तिला दिलेल्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं, व्यायामाची न वापरलेली सायकल होती आणि भिंतीला लावून भावोजींच्या जुन्या बुटांचे डबे रचलेले होते. पाय सरळ करून झोपायचं तर डोकं सायकलच्या पॅडलखाली येई.

इथे मिळालेल्या कामावरही कुणी पायघड्या घातल्या नाहीत. चष्म्याच्या मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी घेणारं ते वर्कशॉप, तिथल्या बायका एकमेकींना वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या. हिला त्या नुसतं 'नवी' म्हणत. हिच्या वाट्याला आलेल्या काचा घासायच्या चाकाचं पाणी गळायचं, त्यामुळे दुपारपर्यंत मांडीवरचे कपडे ओले व्हायचे. तिने वर्कशॉपच्या मॅडमना सांगितलं.

"आधीची कधी तक्रार करत नव्हती," मॅडम म्हणाल्या.

"मग आधीची कुठे गेली?"

"सोडून गेली."

बाजूच्या दोघी फिसकन हसल्या. तिला नाही, मॅडमना. पण त्या दिवशी चहाची किटली धाकटीपर्यंत आली तेव्हा तिच्यात नुसता गाळ होता. तिने तो कपात ओतून घेतला आणि त्या दोघींच्या डोळ्यांत बघत प्यायला.

अशा दिवसाच्या शेवटी तिला एकच गोष्ट हवी असे. तिचा एक खेळ होता, समुद्राचा. आपलं जहाज घेऊन बेटाबेटांवर जायचं, लाकूड आणायचं, जहाज वाढवायचं, वादळातून वाट काढायची. गावातल्या खोलीत ती कामावरून आली की हातपाय धुऊन जी बसायची ती थेट जेवायलाच उठायची. कित्येक वर्षं फळी फळी जोडून तिने ते जहाज उभं केलं होतं. तिथेही शत्रू होते, पण ते आपलं निशाण लावून येत. लांबूनच कळायचं, हा आपल्यावर चालून येतोय. इथे बसमध्ये उभी असताना, चाकापाशी बसलेली असताना तिचे अंगठे आपोआप हलत. नव्या शहरातले रस्ते तिला अजून पाठ नव्हते, आणि त्या समुद्रातला एकेक खडक तिला तोंडपाठ होता.

घरात टीव्ही एकच, हॉलमधला. भावोजी ऑफिसातून आले की रिमोट मांडीखाली घालून बसत आणि बातम्यांमधली भांडणं बघत. चार माणसं एकाच वेळी ओरडत असली की त्यांना बरं वाटे. धाकटीने आठवडाभर तोंडातून शब्द काढला नाही, मग विचारलं.

"भावोजी, तुमचं बघून झालं की तासभर मी लावू का?"

"त्याने टीव्ही बिघडतो."

"नाही बिघडत."

"तू टीव्ही दुरुस्त करतेस का चष्मे?"

ताई स्वयंपाकघरातून खाकरली. म्हणजे पुरे कर. धाकटीने पुरे केलं.

मग एका रविवारी दोघं कुणाकडे तरी जेवायला गेली. जाताना ताई हळूच म्हणाली, "लाव गं तुझं ते. आम्ही संध्याकाळीच येऊ." धाकटीने खोकं काढलं, वायरी जोडल्या आणि पडद्यावर तिचं जहाज आलं. ती खेळत बसली. चहा गार झाला, दाराचा आवाजही तिच्या कानावर पडला नाही. भावोजींचं तिथे कुणाशी तरी वाजलं होतं आणि ते अर्ध्या जेवणावरून उठून आले होते. बूट न काढता ते तिच्या मागे उभे राहिले. बऱ्याच वेळाने बायकोकडे वळून म्हणाले, "हिचं लग्न का मोडलं ते आज कळलं."

धाकटीने कंट्रोलर खाली ठेवला. "लग्न मोडलं कारण तो मला मारायचा. ताईला माहीत आहे. तिने सांगितलं नसेल तर तिला विचारा."

ताई चपलेचा पट्टा सोडवत होती. तो कधीचाच सुटला होता, तरी तिने मान वर केली नाही. धाकटीला भावोजींच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी ती कामावरून आली तर खोकं जागेवर नव्हतं.

"आमच्या साहेबांना दिलं," भावोजी बातम्यांवरची नजर न हलवता म्हणाले. "त्यांना असलं काहीतरी हवं होतं. म्हटलं, आमच्याकडे पडूनच आहे."

"माझी वस्तू तुम्ही परस्पर दिलीत?"

"वापरत कुठे होतीस?"

"वापरू कुठे देत होतात?"

ताई मध्ये पडली. "छोटे, त्यांच्या बढतीचं चाललंय. एवढं झालं की तुला नवं घेऊन देऊ. समजून घे ना जरा."

"तुला माहीत होतं?"

ताई कुकर बघायला आत गेली.

साहेबांचा बंगला धाकटीला ठाऊक होता. पेट्रोल पंपामागचं ते निळं फाटक भावोजी येता-जाता दाखवायचे, जणू स्वतःच बांधलंय. दुसऱ्या दिवशी ती वर्कशॉपमधून तडक तिथे गेली. दार साहेबांच्या बायकोने उघडलं. आतून तोफांचे आवाज येत होते. ते आवाज धाकटीने झोपेतही ओळखले असते.

सोफ्यात हाफपँट घालून साहेब रुतून बसले होते. चांगले पन्नाशीचे, डोक्यावर तुळतुळीत टक्कल. जीभ दातांत धरून दोन्ही अंगठे दणादण चालले होते.

"साहेब, हे मशीन माझं आहे. न्यायला आलेय."

"हे? हे तर आमच्या ऑफिसातल्याने दिलं. त्याच्या मेहुणीने सोडून दिलंय म्हणाला."

"मेहुणी मीच. सोडलेलं नाही."

साहेबांनी तिच्याकडे एक डोळा टाकला, दुसरा पडद्यावरच. "बरं, बसा. एवढी लढाई संपू दे."

पडद्यावरचं जहाज तिचं नव्हतं. लहान होतं, ओबडधोबड होतं, आणि त्याच्या निशाणावर साहेबांचं नाव होतं.

"यात माझं जहाज होतं. ते कुठे आहे?"

"होतं काहीतरी जुनं. पुसून टाकलं. नाहीतर नवं सुरू होईना."

धाकटी सरळ भिंतीपाशी गेली आणि तिने प्लग उपटला. तोफा बंद पडल्या. साहेब कंट्रोलर हातात धरून तसेच बसले.

"तुमचे भावोजी उद्या ऑफिसात माझ्यासमोरच उभे राहणार आहेत," ते म्हणाले.

"राहू देत. ते तुम्ही आणि ते बघून घ्या. हातातलं द्या इकडे."

साहेबांच्या बायकोने एक कापडी पिशवी आणून दिली. "घेऊन जा बाई," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "हे आल्यापासून घरात माणूस आहे की नाही कळत नव्हतं."

धाकटी घरी पोचायच्या आत साहेबांचा फोन पोचला होता. तिच्या बॅगा दाराबाहेर काढून ठेवलेल्या होत्या. भावोजी आतून बाहेर आले नाहीत. ताई उंबऱ्यात उभी होती, डोळे लाल.

"एका खेळण्यापायी तू माझ्या संसाराला चूड लावलीस."

"मी माझी वस्तू आणली ताई. चूड लावणारा आत बसलाय."

"तोंड सांभाळून बोल."

"तूही कधीतरी बोल," धाकटी म्हणाली आणि बॅगा उचलल्या. ताईने थांबवलं नाही, आणि थांबवलं असतं तरी ती थांबली नसती.

लाँड्रीच्या वरची एक खोली तिने मागेच पाहून नाकारली होती. खालून दिवसभर वाफ आणि साबणाचा वास यायचा आणि घरमालकीण बोलायला लागली की नुसते नियमच सांगायची. आता तिने तीच घेतली. भंगारवाल्याकडून एक टीव्ही आणला, त्याच्या पडद्यावर एक हिरवी रेघ कायमची होती. भिंतीला टेकून बसायची जागा होती आणि पाय सरळ करता येत होते.

खेळाने तिला नाव विचारलं, तिने लिहिलं. एक शीड नसलेली होडी मिळाली आणि दोन वल्ही. वर्षानुवर्षांचं सगळं गेलं होतं. ती त्यासाठी रडली, भरपूर रडली, साहेबांच्या टकलाच्या नावाने काय काय बोलली, आणि मग वल्ही मारायला लागली. घरमालकिणीने बाहेरून दार ठोकलं, "आवाज." तिने आवाज कमी केला. थोड्या वेळाने पुन्हा ठोकलं. या वेळी तिने काही कमी केलं नाही.

महिना होत आला तेव्हा ताईचा फोन आला. तिने तो खेळता खेळताच खांद्यात धरला.

"बढती दुसऱ्याला मिळाली," ताई म्हणाली.

"मी काय करू?"

"तुझ्यामुळे झालं, एवढं फक्त सांगायचं होतं."

"सांगितलंस. अजून काही?"

ताईच्या मागे बातम्यांमधली माणसं ओरडत होती.

"जेवलीस का?" ताईने विचारलं.

"नाही अजून."

"जेवून घे," ताई म्हणाली, तेही भांडल्यासारखंच, आणि फोन ठेवून दिला.

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. बोलण्याच्या नादात होडी खडकावर आपटून फुटली होती आणि गोळा केलेलं सगळं लाकूड पाण्यावर तरंगत होतं. तिने दोन कचकचीत शिव्या हासडल्या, मांडी बदलली आणि एकेक ओंडका ओढून घ्यायला सुरुवात केली.