तेहतीसवर थांबलेला भुसा

गल्लीत त्यांना सगळे दणकेवाले म्हणत, आणि ते नाव त्यांनी मेहनतीने कमावलं होतं. गाडीच्या डिकीत बसणाऱ्या सबवूफरच्या, म्हणजे खर्जाच्या स्पीकरच्या, लाकडी पेट्या ते करत. पेटीला एक पाइप असतो. तो लांब केला की पेटीचा सूर खाली उतरतो, आखूड केला की वर चढतो. सूर कितीवर ठेवायचा यावरून गिऱ्हाईक तासन्‌तास डोकं खाई आणि दणकेवाले शेवटी स्वतःचंच खरं करत. "चाळीस हर्ट्झ. डोळे मिटून घेऊन जा!"

पण ही पेटी बायकोसाठी होती. तीन वर्षांत तिचे कान हळूहळू पार गेले होते. दणकेवाल्यांनी तिच्यासाठी काय करायचं बाकी ठेवलं होतं? दाराच्या घंटेला दिवा जोडला, घराखालच्या कारखान्यात लाकूड तासायचं रंध्याचं मशीन होतं, त्याचे हादरे वर जाऊ नयेत म्हणून अलीकडेच त्याच्या पायांखाली जाड रबर घातलं. तीही दर रविवारी गाडीत शेजारी बसून भटकायला यायची आणि नवऱ्याच्या गाडी चालवण्यावर तोंडसुख घ्यायची. महिनाभरापासून मात्र तिने पाय मागे घेतला होता. "मला कशाला नेता? तुम्ही ऐका गाणी. मी आपली घरी बरी." घरीसुद्धा गप्प गप्प असायची. कानाने नाही तर पाठीने तरी गाणं तिच्यापर्यंत पोचवायचं आणि तिला पुन्हा शेजारी बसवायचं, असं दणकेवाल्यांनी मनाशी घेतलं.

पहिली पेटी अर्थातच चाळीसवर. हातापाया पडून तिला गाडीत बसवलं, गाणं लावलं. शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरल्या. ती शांतपणे म्हणाली, "डोकं दुखतंय. उतरू?"

झालं! तीस वर्षांचा कारागीर तोंडावर आपटला. पण माणूस हाडाचा चौकस. आपण मीटरला विचारतो, स्वतःच्या कानाला विचारतो. सीटवर बसणाऱ्याला कधी विचारलंच नाही की, हे त्यांच्या डोक्यात आलं आणि मग त्यांना चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी गाणं बाजूला ठेवून त्यांनी मोबाइलवरून नुसता सूर सोडला. साठपासून एकेक आकडा खाली. ती सीटवर तळवे टेकून, डोळे मिटून बसली होती. कुठे पाठीला गुदगुल्या झाल्या, कुठे नुसता वैताग. पस्तीस. चौतीस. तेहतीसला ती ताठ बसली.

"थांबा! हेच. हेच ठेवा."

दणकेवाल्यांनी गुपचूप आकडा वर नेला, खाली नेला. तिने दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली. पुन्हा तेहतीस लावल्यावर हसली. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. अरे, कमालच आहे हिची!

मग एका पाइपात दुसरा सरकवून ते लांबी वाढवत बसले. सबवूफर आडवा करून त्याच्या पडद्यावर चिमूटभर भुसा टाकला. ही त्यांची जुनी युक्ती. सूर चालू असताना भुसा थुईथुई नाचतो. पण पेटीचा सूर बरोबर त्या आकड्यावर आला की सगळं काम पाइपातली हवा करते आणि पडदा जवळपास स्वस्थ बसतो. बोट बोट पाइप सरकला आणि तेहतीसवर भुसा थांबला.

तिला पुन्हा बसवून, ओठ नीट हलवत त्यांनी विचारलं, "तेहतीसच का गं?"

"अहो, हे तुमचं रंध्याचं मशीन नाही का?" ती म्हणाली. "स्वयंपाकघरात तळपायांना लागायचं. खाली तुम्ही आहात हे कळायचं. थांबलं की मी पानं घ्यायची. महिना झाला, येतच नाही. मला वाटलं, कान गेले, आता पायांतलंही गेलं. तुम्हाला सांगायचीसुद्धा भीती वाटली."

एवढा हादऱ्यांतला जाणकार, आणि घातलं काय तर रबर! दणकेवाले तडक कारखान्यात गेले. मशीनचे चारही पाय सोडवून रबरं उपसली, कोपऱ्यात भिरकावली, आणि लाकूड न लावताच मशीन चालू केलं. छताकडे बघत उभे राहिले.

वरून टाचेचे दोन ठोके आले. मग जिन्यावरून तिचा आवाज: "अहो, आता बंद करा, पानं घेतलीत!"