रंभाजींची बैठक

रविवारी सकाळी रंभाजींनी दाढी केली, इस्त्रीचा पांढरा सदरा अंगात घातला आणि माळ्यावरची सतरंजी काढून अंगणातल्या तारेवर झटकली. साखर कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली, तरी सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत त्यांना जाग येई. बंब पेटवायचा, शेळ्यांपुढे पाला टाकायचा, ओट्यावर बसून चहा घ्यायचा, असा त्यांचा क्रम ठरलेला होता. त्या क्रमात सतरंजी आली की आज बैठक आहे, हे शेजाऱ्यांना न सांगता कळे.

भावकीत, सोयऱ्याधायऱ्यांत कुठे नवराबायकोचे बिनसले की रंभाजींना बोलावणे येई. दोन्ही बाजू ऐकायच्या, दोघांनाही चार शब्द सुनवायचे आणि शेवटी दोघांना एका ताटात जेवायला बसवायचे, ही त्यांची रीत. ताट पुढे आले की मिटले. काष्टीपासून श्रीगोंद्यापर्यंत कितीतरी संसार आपल्या शब्दाने सावरले, असे ते कधी बोलून दाखवत नसत; पण मानत मात्र होते.

आजची बैठक त्यांच्याच घरात होती. मुलगा सम्राट आणि सून माधुरी यांची. माधुरीने मोबाईलवर समुपदेशन करणाऱ्या पुण्याच्या कुणी मॅडम शोधल्या होत्या. घरात रेंज फक्त पुढच्या खोलीत, खिडकीपाशी येई. त्यामुळे बोलणे तिथेच होणार होते, आणि पुढच्या खोलीत बोलणे व्हायचे म्हणजे सतरंजी हवीच, असे रंभाजींनी आपल्या मनाशी धरले. चुलतभाऊ पुंजाराम यांनाही त्यांनी श्रीगोंद्याहून बोलावून घेतले.

"अवो, त्या मोबाईलमधल्या बाई किती वेळ बसनारेत?" भिमाबाईंनी नवऱ्याला विचारले. "सैपाकाचं कळू द्या."

"एक मोठं ताट घासून ठिव," रंभाजी म्हणाले.

बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली सम्राटने स्टुलावर तांब्या ठेवला आणि त्याला मोबाईल टेकवला. पडद्यावर अपूर्वा मॅडम आल्या, आणि सतरंजीवर ओळीने बसलेली माणसे पाहून थबकल्या.

"आज सम्राट, माधुरी आणि मी, एवढेच बोलणार होतो ना?"

"जय भीम, मॅडम. मी सम्राटचा बाप. हे आमचे पुंजाराम. तुमी इचारा, आमी ऐकतो. निकाल मंग सगळ्यांनी मिळून देऊ."

"काका, इथे निकाल नसतो."

"मंग असतंय काय?" पुंजाराम पुढे सरकले.

"बोलणं असतं."

"बोलनं आमच्यात बी लई हुतं, मॅडम. पन त्याला शेवट असतोय."

मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "माधुरी, हे सगळे समोर असताना बोलायला तुम्हाला चालेल? नसेल तर आज आपण इथेच थांबू."

रंभाजी चमकले. इतक्या बैठका झाल्या. तुला चालेल का, असे त्यांनी कुठल्या सुनेला विचारल्याचे आठवेना.

माधुरीने सतरंजीची दशी बोटाला गुंडाळली. "चालंल," ती म्हणाली. "मामांनी ऐकावंच."

मग ती बोलली. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. "मी ह्यांना खोलीत काही सांगितलं, की दुसऱ्या दिवशी जेवताना ते मामांच्या तोंडून ऐकते. नगरला नर्सची नोकरी परत धरायची, असं मी ह्यांना म्हणले. सकाळी मामा म्हणाले, नोकरीचं पुढच्या वर्षी बघू. मी मामांना विचारलंच नव्हतं. ह्यांना काय वाटतंय ते मला पाहिजे होतं. ते अजून कळलं न्हाई."

"सम्राट, तुम्हाला काय वाटतं?" मॅडमनी विचारले.

सम्राटने मान वळवून बापाकडे पाहिले. ते सगळ्यांनी पाहिले, रंभाजींनीही.

"मॅडम, दिवाळीला ही रुसून तिसगावला गेल्ती," ते घाईने म्हणाले. "मी सोता जाऊन मिटवलं. एका ताटात जेवली दोघं. मंग आता हे नवं काय निघालं?"

"मिटलं नव्हतं, मामा." माधुरीने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिले. "माझ्या वडलांच्या दारात, एवढ्या पाहुण्यांसमोर तुम्ही हात जोडले. मला न्हाई म्हणता आलं नाही. त्या ताटातला घास मी तुमच्याकडं बघून गिळला. ह्यांच्याकडं बघून नाही."

"काका, हे ऐकून तुम्हाला काय वाटलं?"

"दोघांचंबी चुकतंय थोडंथोडं."

"हे तुमचं मत झालं. वाटलं काय?"

रंभाजी सदऱ्याची बाही सारखी करू लागले. बैठकीत त्यांना शब्दांची वाण कधी पडली नव्हती. मग पुढच्या रविवारी दोघांनीच बोलावे, असे सुचवून मॅडमनी निरोप घेतला. मोबाईलचा पडदा काळा झाला. भिमाबाईंनी घासलेले ताट तसेच फळीवर राहिले.

पुढचा आठवडा रंभाजी चुकल्यासारखे वावरत होते. चहा निवून जाई. आपले काय चुकले, हे त्यांना धड उमगत नव्हते. पोरगी परत आणली, हा काय गुन्हा झाला? आणि गुन्हा नसेल, तर तिचे शब्द पाठ का सोडत नव्हते? एका दुपारी मेथी निवडणाऱ्या भिमाबाईंपाशी ते येऊन बसले.

"मला न्हाई म्हनायचं हुतं पन म्हनता आलं न्हाई, असं तुला कदी झालं का गं?"

"आता इचारताय व्हय?" भिमाबाई हसल्या आणि काड्या झटकायला उठून गेल्या.

पुंजारामांचा फोन आला, "माधुरीच्या बापाला बी बोलाव रविवारी. एकदाचा तुकडा पाडू." रंभाजी नुसते हूं म्हणाले. मग ओट्यावर जाऊन त्यांनी तिसगावला, व्याही वैजनाथ यांना फोन लावला.

"बैठक न्हाई," ते म्हणाले. "पोरीचं ती ठरवंल. तिकडं येते म्हनली तर मी सोता आनून सोडीन. पन माघारी न्ह्यायला हात जोडून येनार न्हाई आता." पलीकडून काहीतरी विचारले गेले. "राग न्हाई, पावनं. तिची तिला मोकळीक."

रविवारी त्यांनी दाढी केली, पांढरा सदरा घातला. सतरंजी माळ्यावरच राहिली. खिडकीपाशी स्टुलावर त्यांनी तांब्या ठेवला आणि समोर दोन खुर्च्या मांडल्या. भिमाबाई विहारात गेल्या होत्या.

"आबा, तुमी?" सम्राटने विचारले.

"मी भाईर हाय."

"मग मॅडमना सांगू काय मी?"

"ते मला नगं इचारू."

माधुरी दारात उभी होती. तिला काही म्हणावे असे त्यांना वाटले. पण जे सुचले, ते सगळे बैठकीतले शब्द होते. ते नुसतेच बाजूला झाले, ती आत आली, आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतले.

ओट्यावर खुर्ची टाकून ते बसतात न बसतात तोच पुंजारामांची मोटारसायकल आली.

"का रं, भाईर?"

"आत बोलनं चाललंय."

"मंग चल की."

"आपलं काम न्हाई तिथं."

"आन निकाल कोन देनार?"

"ठावं न्हाई."

पुंजारामांनी त्यांच्याकडे निरखून पाहिले, तब्येत बरी आहे ना असे विचारले आणि गाडी वळवली.

गाडीचा आवाज विरला, तेव्हा आतून सम्राटचा आवाज येऊ लागला. तो अडखळत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. रंभाजींची मान सवयीने दाराकडे कलली. एकदोन शब्द उमजलेसुद्धा. तसे ते उठले, खुर्ची उचलली आणि अंगण ओलांडून फाटकाजवळच्या चिंचेखाली गेले. तिथे काहीच ऐकू येत नव्हते. त्यांनी खुर्चीचे तोंड रस्त्याकडे केले आणि ते बसून राहिले.