प्रमाण माणूस

दर सोमवारी सकाळी, रुग्ण यायच्या आधी, ढिम्मराव उपाशीपोटी खाटेवर आडवे होत आणि त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकचं पारदर्शक झाकण ठेवलं जाई. दारातून पाहणाऱ्याला वाटावं, माश्या बसू नयेत म्हणून ठेवलंय. झाकणातून एक नळी यंत्राकडे जायची. माणूस श्वासातून किती प्राणवायू आत घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो हे यंत्र मोजायचं, आणि हे शरीर काहीही न करता, नुसतं पडल्यापडल्या, किती जाळतं ते सांगायचं.

काहीही न करणं ही ढिम्मरावांची खासियत होती. काहीही न करता पगार घेणारे त्या इस्पितळात पुष्कळ होते. पण त्या न करण्याचा दर्जा सांभाळण्यासाठी ज्याच्यावर भिस्त ठेवली होती असा हा एकटाच. नाव मॅडमनी ठेवलेलं. मॅडम म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर. एकदा ढिम्मराव झाकणाखाली असताना आगीचा भोंगा वाजला. सगळे जिन्याने धावले. आग लागलीच नव्हती हे कळल्यावर परत आले, तर हे तसेच पडलेले. "पळाला का नाहीत?" मॅडमनी विचारलं. "वेळ संपायची होती," ढिम्मराव म्हणाले. यंत्राच्या कागदावरची रेघही सरळच होती. त्या दिवसापासून ढिम्मराव हे नाव चिकटलं आणि तेच प्रमाण माणूस झाले.

प्रमाण माणूस म्हणजे असा, ज्याचा आकडा बदलत नाही. सोमवारी आधी त्याला मोजायचं. यंत्राने नेहमीचा आकडा दाखवला तर यंत्र शहाणं. वेगळा दाखवला तर यंत्र भरकटलं. मग बाजूचं गोल बटण फिरवून ते ढिम्मरावांच्या आकड्यावर आणायचं आणि आठवडाभर इतरांना त्याच मापाने मोजायचं.

नियमाने खरं तर स्पिरिटचा दिवा होता. ठरावीक स्पिरिट झाकणाखाली जाळायचं. ते जळायला किती प्राणवायू लागतो हे ठरलेलं असतं. दिव्याला ना मूड असतो ना मेहुणे. पण स्पिरिट मागवलं की कागद अग्निसुरक्षा समितीकडे जायचा.

"हा पदार्थ पेट घेऊ शकतो," समितीने कळवलं.

"म्हणूनच हवाय," मॅडमनी कळवलं. "पेटवायचा आहे."

"पेटवायचा हेतू असल्यास परवानगी देता येत नाही," समितीने कळवलं.

तेव्हापासून दिवा कपाटात आणि ढिम्मराव खाटेवर. सोमवार सोडून इतर दिवशी ते तिथलेच तंत्रज्ञ होते. रुग्णांना आडवं करायचं, झाकण ठेवायचं, आणि घाबरलेल्याला समजावायचं, हे त्यांचं काम.

"जेवण पोटात जळतं असं वाटतं ना? चूक," ते आपल्या सपाट आवाजात सांगत. "पोट ही नुसती विळी. चिरून देते. बटाटा असो की बिस्कीट, त्याची साखर होऊन रक्तात जाते. रक्त ती दारोदार पोचवतं. खरी चूल प्रत्येक पेशीत. तिथे साखर आणि तुमच्या श्वासातला प्राणवायू यांची गाठ पडते. निघालेल्या शक्तीचे पेशी सुट्टे करून घेते आणि लागेल तसे खर्च करते. पेशीला मोठी नोट चालत नाही."

"आणि धूर?" कुणीतरी विचारायचंच.

"हा काय. आत्ता सोडलात तो. आता हलू नका, झोपू नका, आणि कसलाही विचार करू नका."

हे शेवटचं फक्त त्यांनाच जमायचं.

मग यंत्र भरकटायला लागलं. एका सोमवारी ढिम्मरावांचा आकडा थोडा वर आला. मॅडमनी बटण थोडं मागे फिरवलं. पुढच्या सोमवारी आणखी वर. बटण आणखी मागे. कंपनीचा मेकॅनिक आला, नळी बदलली, गाळणी बदलली, यंत्रात काही बिघाड नाही असं लिहून गेला. "यांना काय कळतंय," मॅडम म्हणाल्या, आणि बटण फिरवलं.

घरी मात्र आनंदीआनंद होता. ढिम्मरावांच्या बायकोने इतकी वर्षं एका खुर्चीशी संसार केला होता, आणि अचानक त्या खुर्चीला पाय फुटले. गळका नळ दुरुस्त झाला. फाटक रंगवून झालं. ते वाळायच्या आत दुसरा रंग आवडला म्हणून पुन्हा रंगवून झालं. ढिम्मराव पहाटेच उठून कपाटं हलवू लागले. सगळे स्वेटर घालून बसायचे तेव्हा हे खिडकी उघडून बनियनवर. आणि भूक! भाताचं पातेलं खरवडून झाल्यावर पाव कुठे आहे म्हणून विचारायचे.

"अहो, हल्ली तुमच्यात वीज आलीय," बायको कौतुकाने म्हणाली.

"बिल येईल," ढिम्मराव म्हणाले, आणि लगेच उठून दाराची बिजागरी तपासायला गेले.

त्यांना बसवतच नव्हतं. बसले की पाय हलायचा. पाय धरला की बोटं वाजायची. छातीत कुणीतरी जिने चढतंय असं वाटायचं, आणि तेही वर पोचायचं नाव नाही. एकदा त्यांनी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला घेतली. मध्येच सोडून दिली. घड्याळाचा काटा नीट दिसत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. चष्मा डोळ्यांवरच होता.

माहीत नव्हतं असं नाही. ज्याने आयुष्यभर लोकांच्या चुली मोजल्या, त्याला आपली चूल भडकलेली कळणार नाही? एवढं खाऊनही पट्टा आवळायला नवी भोकं पाडावी लागत होती. पण प्रमाण माणूसच बिघडला असं म्हटलं की संपलं. मॅडम सोमवारी "ढिम्मराव, तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही" म्हणायच्या, ते कुणाला म्हणणार? प्रमाण नसलेला ढिम्मराव म्हणजे खाटेवरची चादर बदलणारा एक गृहस्थ. त्यापेक्षा यंत्र बिघडलेलं बरं. यंत्राला वाईट वाटत नाही.

आणि सोमवारी बटण फिरवल्यावर आकडा नेहमीचाच यायचा. कागदोपत्री ढिम्मराव ढिम्मच होते.

वाईट वाटलं ते त्यांच्या मेहुण्याला. बायकोचा हा थोरला भाऊ. गाद्यांचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकासमोर गादीवर स्वतः पसरून दाखवण्याची त्याची पद्धत होती. देह असा, की ज्या गादीने त्याला पेललं ती घ्यायला गिऱ्हाईक कचरायचं नाही. गुडघे बोलू लागल्यावर ढिम्मरावांनीच त्याला मॅडमकडे नेलं. झाकण ठेवलं. आकडा पाहून मॅडमच्या भुवया वर गेल्या. एवढ्या मोठ्या देहात एवढीशी चूल! "तुमचं शरीर फार काटकसरी आहे," त्या म्हणाल्या, आणि त्या काटकसरीला शोभेल असा आहार आखून दिला.

नंतर एका रविवारी तो बहिणीकडे जेवायला आला, तो आपला डबा घेऊनच. डब्यात काकडी, अर्धं अंडं आणि मॅडमची सही असावी असा एक पावाचा तुकडा. समोर ढिम्मराव भाताच्या डोंगराला बोगदा पाडत होते.

"अगं छोटे, हा माणूस जेवतोय की पोती उतरवतोय?" गादीवाला म्हणाला.

"दादा, नजर लावू नकोस. इतक्या वर्षांनी त्यांना भूक लागलीय."

"मला पण लागलीय! मला कुणी विचारतंय? परवा दुकानात चक्कर येऊन गादीवर आडवा पडलो. समोर नवरा-बायको उभे. त्यांना वाटलं, दाखवतोय. वाट पाहिली, वाट पाहिली, आणि गादी घेऊन गेले."

"मग धंदा तर झाला," बहीण म्हणाली.

"मला खाली उतरवून घेऊन गेले गं!" त्याने काकडीचा तुकडा दातांत धरला. "जावईबापू, मला सांगा. थंडी वाजते, चिडचिड होते, स्वप्नात पाव येतो. खरंच माझ्या भट्टीत नुसती राख आहे का? मॅडम म्हणतात, अजून कमी करायला लागेल. अर्धं अंडं गेलं तर डब्यात राहतं काय? झाकण!"

 ढिम्मरावांचा चमचा ताटाच्या काठावर वाजत होता. बारीक, सारखा, सायकलच्या सैल झालेल्या घंटीसारखा. त्यांनी चमचा खाली ठेवला. मग ताट वाजायला लागलं, कारण हात ताटावर होता.

बायकोने त्या हाताकडे पाहिलं. मग ढिलाढाला लोंबणाऱ्या सदऱ्याकडे पाहिलं. फाटकाचा रंग तिला पहिल्यांदाच डोळ्यांत खुपल्यासारखा झाला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "वीज किती वाढवायची याला काही सुमार?"

"दादा," ढिम्मराव मेहुण्याला म्हणाले, "भात घ्या."

"काय?"

"घ्या म्हणतो ना. मॅडमशी मी बोलतो."

गादीवाल्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा भाताकडे. मग बहिणीच्या नवऱ्याने हुकूम दिला की ऐकायचं असतं हे त्याला जन्मात पहिल्यांदा पटलं.

सोमवारी ढिम्मराव मॅडमच्या आधी पोचले. येताना औषधांच्या दुकानातून स्पिरिटची बाटली घेतली होती. कोटाच्या आत लपवून, चोरासारखी. इस्पितळापर्यंतच्या वाटेवर ते तीनदा परत फिरले. कपाटातून दिवा काढला, पुसला, भरला, झाकणाखाली ठेवला. हात थरथरत असल्यामुळे काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा त्यांनी कोपर भिंतीला टेकवलं.

ज्योत लागली. निळसर, सरळ. हलणं नाही, झोपणं नाही, कसलाही विचार नाही. ढिम्मराव तिच्याकडे बघत राहिले. पूर्वी झाकणाखाली आपण असेच दिसत असू, असं त्यांना वाटलं, आणि थोडी असूया वाटली.

यंत्राने आकडा दाखवला. तेवढं स्पिरिट जाळायला लागायला हवा त्यापेक्षा कितीतरी कमी प्राणवायू. म्हणजे दिवासुद्धा काटकसरी निघाला. मॅडमनी पाहिला असता तर त्याचंही अर्धं स्पिरिट कापलं असतं. ढिम्मरावांनी बटण हळूहळू उलटं फिरवलं, जिथून सुरुवात झाली होती तिथपर्यंत. दिव्याचा आकडा बरोबर आला. मेकॅनिकचंच खरं होतं. यंत्रात काही बिघाड नव्हता, कधीच नव्हता.

त्यांनी दिवा विझवला, वास जायला खिडकी उघडली. मग जिन्यापर्यंत गेले. परत आले. बटणाकडे पाहिलं. ते मागे फिरवायला एका बोटाचंही काम नव्हतं. छातीतला तो माणूस जिने चढतच होता. शेवटी त्यांनी बूट काढले, खाटेवर आडवे झाले, आणि झाकण आपल्याच हाताने ओढून घेतलं.

मॅडम आल्या त्या बोलतच. "आज लवकर? छान. कसला वास येतोय? समितीला कळलं तर..." त्यांनी यंत्र सुरू केलं, आणि थांबल्या. आकडा वर गेला. आणखी वर गेला. नेहमीच्या जवळजवळ दीडपट जाऊन तिथेच राहिला.

"देवा! पुरतं कामातून गेलं हे यंत्र." त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला.

"हात लावू नका," झाकणाखालून आवाज आला.

इतक्या वर्षांत झाकणाखालून कुणी बोललं नव्हतं. बोलायला मनाई होती, आणि ती मनाई करायचं काम ढिम्मरावांकडेच होतं. मॅडमचा हात तसाच हवेत राहिला.

"दिवा लावून पाहिला मी," ढिम्मराव म्हणाले. त्यांच्या श्वासाने प्लास्टिक धूसर झालं होतं, पण आवाज तोच, सपाट. "यंत्र बरोबर आहे. ज्यांचे आकडे बटण फिरवून काढले, ते सगळे उपाशी आहेत. त्यांना परत बोलवा. माझ्या मेहुण्याला आधी."

मॅडमनी एकदा दिव्याकडे पाहिलं, काळ्या पडलेल्या वातीकडे. मग पहिल्यांदाच त्यांनी आकडा सोडून खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं. चादरीबाहेर आलेला पाय एकसारखा हलत होता. कॉलर गळ्याभोवती सैल होती आणि तिच्या वर गळा जरा सुजल्यासारखा दिसत होता. तिथेच ती ग्रंथी असते, जी शरीरातल्या सगळ्या चुलींना जाळा म्हणून हुकूम देते. थायरॉईड. मॅडम हे दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवायच्या.

त्यांनी झाकण उचललं, मनगट धरलं, आणि घड्याळाकडे पाहिलं. त्यांना काटा नीट दिसला.

"कधीपासून?"

"फाटक रंगवलं तेव्हापासून."

"पहिल्यांदा, की दुसऱ्यांदा?" फाटकाची गोष्ट सगळ्या विभागाला माहीत होती.

"पहिल्यांदा."

 मॅडमनी खुर्ची ओढली. "आधी रक्त घेऊ. यावर गोळ्या असतात, शांत व्हाल. वेळेत बोललात. अजून थोडे दिवस बटण फिरवत बसलो असतो तर हृदयाने बंद पडायला समितीची परवानगी मागितली नसती." त्यांनी रक्त घेताना दंडाला बांधायची पट्टी टेबलावरून उचलली. "आणि तोवर सोमवारी दिवा. समितीला मी सांगते, स्पिरिट जाळू दिलं नाहीत तर आमचा माणूस जाळावा लागतो म्हणून."

"मी बरा झालो की..." ढिम्मरावांनी सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यात सोडलं.

"आधी रुग्ण व्हा नीट," मॅडम म्हणाल्या. "मग बघू. हात सरळ ठेवा. हलू नका."

ढिम्मरावांनी हात सरळ ठेवला. पाय हलतच राहिला. त्यांनी त्याला थांबवायचा प्रयत्न केला नाही.