एकादशीचं सॅलड

"उपासाला सॅलड? हे काय नवं खूळ?" असं माझ्या सासूबाई एरवी म्हणाल्या असत्या. या वेळी त्या मुकाट्याने बटाटे सोलत बसल्या, आणि मला तेच खटकलं.

मे महिन्यातली एकादशी होती. सुट्टीला म्हणून धाकटे दीर ललितभाऊजी आणि जाऊ योगिनी पुण्याहून आमच्याकडे सातपूरला आले होते. येताना भाऊजी ठरवूनच आले होते. आईंचं विसरणं वाढलंय, तर त्यांना वृद्धाश्रमात ठेवू. "वहिनी, तुम्ही तरी किती करणार?" म्हणे. अहो, मी कधी रडत आले का तुमच्याकडे? आमचे हे नेहमीसारखे पंख्याकडे बघत बसले. यांच्या तोंडातून शब्द निघेल तर शपथ!

"आईंना सगळं कळतं," मी ठणकावून सांगितलं. "आज स्वयंपाक त्याच करतील. बघा तुम्ही."

उन्हाने जीव नकोसा झालेला, गरम खिचडी कोण खाणार? म्हणून बटाट्याचं गार सॅलड करायचं ठरवलं. उकडलेल्या फोडी, घट्ट दही, दाण्याचं जाडसर कूट, कैरीचा कीस, मूठभर बेदाणे, सैंधव, आणि वरून तुपात जिरं-मिरचीची फोडणी. आईंनी फोडी इतक्या एकसारख्या केल्या की मलाच लाज वाटावी.

"दही गोड घे. कैरी शे ना," त्या म्हणाल्या. त्यांचं गाव नामपूर सुटलं, पण तिथलं 'आहे'ला 'शे' म्हणणं काही सुटलं नाही. मी कोथिंबिरीची जुडी उचलली तर लगेच हातावर चापट बसली. "उपासाले कोथमीर?" नवी नवरी असताना याच कोथिंबिरीवरून मी ढसाढसा रडले होते. आज ती चापट मला पेढ्यासारखी गोड लागली.

तेवढ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आठवल्या. मी पळत वर गेले. खाली आले तेव्हा आईंनी सॅलड कालवून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. मी काही बघितलं नाही. कशाला बघू?

पानं वाढली. योगिनीने पहिला घास घेतला आणि ती थांबली.

"ताई, यात कांदा आहे."

बारीक चिरलेला, दह्यात दिसतही नव्हता. ओट्याखाली नामपूरहून आलेली कांद्याची गोणी होती. कांद्याच्या गावात जन्म गेलेला हात, दही दिसलं की कांद्याकडे जाणारच. पण एकादशीला? या घरात असं कधी झालं नव्हतं. भाऊजींनी हळूच माझ्याकडे बघितलं.

"मी घातला," मी म्हणाले. "घाईत लक्षातच राहिलं नाही. मेलं डोकंच चालत नाही या उन्हात."

"संध्या," आईंनी ताट सरकवलं. "एकादशीच्या दिवशी खोटं बोलती? कांदा मी घातला." मग भाऊजींकडे वळल्या. "तुले न्यायचं तर ने माले. पन या पोरीवर आळ नको."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं! मला रडू आवरेना. "ऐकलंत?" मी भाऊजींवर ओरडलेच. "जिला खोटं सहन होत नाही, तिला कळत नाही म्हणता? आई कुठ्ठेही जाणार नाहीत!"

भाऊजींनी मान खाली घातली. आमचे हे कधी नव्हे ते म्हणाले, "राहू दे ललित. आई इथंच राहील." मी जिंकले होते. योगिनीने पाणी दिलं.

आईंनी ताट पुन्हा जवळ ओढलं. सॅलडकडे कौतुकाने बघितलं.

"चांगलं दिसतंय वं," त्या म्हणाल्या. "कांदा नाय ना घातला? आज एकादशी शे."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाही घातला, आई."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं आणि मान डोलावली. हे खोटं त्यांनी पकडलं नाही. त्या पोटभर जेवल्या, आणि मला पहिल्यांदाच भाऊजींचं म्हणणं खरं वाटलं.