भेटीची वेळ तीन ते चार

बोल्ट तुटला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. पाना एकदम हलका झाला आणि मिस्त्रींच्या हाताला आधी कळले. बोल्टाचे डोके पान्यात आले होते, दांडा इंजिनातच राहिला होता.

"काय झालं रे?" गार्डने विचारले.

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. नोकरीत अडतीस वर्षे काहीही बिघडले तरी ते हेच म्हणत आले होते.

परक्या मुलखातला सरळसोट रस्ता, त्याच्या कडेला गाड्यांचा थांबा, आणि उघड्या बॉनेटपाशी दोन म्हातारे. गार्ड मिस्त्रींचा शाळेपासूनचा मित्र. रेल्वेतून निवृत्त झाला तरी नाव तेच राहिले. मिस्त्रींनी जन्मभर पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त केले. इथली भाषा दोघांनाही येत नव्हती. गाडी एकट्या गार्डला येत होती, आणि इथे तीही रस्त्याच्या उलट्या बाजूने हाकायची होती.

मिस्त्रींचा मुलगा नऊ वर्षे इथल्या तुरुंगात होता. कामावर भांडण झाले, याने एकाला ढकलले, तो माणूस पुन्हा उठला नाही. शिक्षा वीस वर्षांची. सात महिने अर्ज केल्यावर भेटीचा कागद आला होता: शनिवार, तीन ते चार. रविवारी परतीचे विमान. मिस्त्रींचे वय चौऱ्याहत्तर, त्यात हृदय थकलेले. पुन्हा येणे होणार नाही हे घरात सगळ्यांना कळत होते, बोलत कोणी नव्हते.

गार्डने वेळ अगदी आखून दिली होती. सहाला निघायचे, अकराला पोचायचे. पण शहराबाहेरच्या गोल चौकात त्याला बाहेर पडायची वाटच सापडेना. चौथ्या प्रदक्षिणेला मिस्त्री म्हणाले, "पुण्य पुष्कळ झालं, आता निघ." तेव्हा त्याने धरलेला रस्ता भलतीकडचा निघाला आणि दीड तास गेला. तरी दोघे हसतच होते. वेळ हाताशी होता.

मग या थांब्यावर मिस्त्रींना गाडीखाली ओल दिसली. पाण्याचा पंप झिरपत होता. गार्ड म्हणाला, बाटल्या भरून घेऊ, वाटेत पाणी घालत जाऊ, राहिलाय दोन तासांचा रस्ता. मिस्त्रींचे मन घेईना. झिरपता पंप तसाच सोडून ते कधी उठले नव्हते. मध्येच रानात बसला म्हणजे? पोराला काय तोंड दाखवायचे? पाने सामानात होतेच. बायको म्हणायची, यांना कपडे नसले तरी चालतील. पाऊण तासाचे काम होते. पंप काढला, नवे पॅकिंग कापून बसवले. शेवटच्या बोल्टाला एक थेंबही सुटायला नको म्हणून त्यांनी आणखी अर्धा आटा दिला.

गार्डने हातवारे करकरून मदत बोलावली. मेकॅनिक यायला दोन तास लागले. त्याने तुटका दांडा छिद्र पाडून काढला, आणि मिस्त्रींनी कापलेले पॅकिंग उजेडात धरून कौतुकाने मान हलवली. मग जुने पॅकिंग पाहून तो फोनमध्ये काहीतरी बोलला. फोनातली भाषांतर करणारी बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "गळती किरकोळ होती. गाडी महिनाभर अशीच चालली असती."

अडीच वाजले होते.

गार्डने गाडी जमेल तेवढी दामटली.

"शिवी तरी दे," मिस्त्री म्हणाले.

"तुला कशाला देऊ? तुझ्या हातातून पाना काढून घ्यायचं काम माझं होतं."

फाटकाशी पोचले तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. अधिकारी उर्मट नव्हता. त्याने कागद वाचला, वेळेवर बोट ठेवले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे दाखवले. गार्डने त्याला विमानाचे तिकीट दाखवले, रेल्वेचे जुने ओळखपत्र दाखवले, शेवटी हात जोडले. मिस्त्रींना ते पाहवेना. अधिकाऱ्याने वर विचारले, फोन खाली ठेवला आणि मेकॅनिकसारखाच आपला मोबाइल पुढे धरला.

"नियम बदलता येत नाही. तो चारपर्यंत खोलीत बसून होता."

मिस्त्रींनी मान डोलावली. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि त्या माणसाला नमस्कार केला.

रस्ता ओलांडून ते पलीकडच्या पदपथावर थांबले. भिंतीच्या वर इमारतीचे तीन मजले दिसत होते आणि लहान लहान खिडक्यांच्या रांगा. पोराची कोणती, हे विचारायचे राहिले होते. गार्ड विचारायला निघाला, तर मिस्त्रींनी त्याची बाही धरली.

मग वरच्या मजल्याच्या डाव्या कडेपासून सुरुवात करून त्यांनी एकेका खिडकीकडे हात हलवायला घेतले. घाई केली नाही. प्रत्येकीला सारखाच वेळ दिला. दुसऱ्या मजल्यावर मध्ये कुठेतरी गजांतून एक हात बाहेर आला आणि हलला. काळासावळा, दंडावर गोंदलेला, कोणा दुसऱ्याच्याच पोराचा.

मिस्त्री तिथे जरा जास्त थांबले, त्यालाही हात केला, आणि पुढच्या खिडकीकडे वळले.